सव्वा किलो

पुड्याचं टोक आधी सांभाळायचं असतं.
बाकीचं, जर, मोती, काठावरचा गणपती,
डिंक वाळला की आपोआप बसतं जागेवर.
टोकाला मात्र मी कागद तीनदा दुमडते
आणि खळीचं बोट आतून फिरवते.
साखर कुठून पळते ते मला माहीत आहे.

मंगळवार पेठेत मला पुडेवाली आत्ती म्हणतात.
गडहिंग्लजची, कागलची, थेट निपाणीचीही माणसं येतात.
यादी झाली, सुपारी फुटली
की तिसऱ्या दिवशी माझ्या दारात.
ते साडीचा रंग सांगतात. मी काठ बघते,
आणि मुलगी सोबत असेल तर
बोलता बोलता तिची बोटं.

काल नंदू आली, माझ्या भावाची राजनंदिनी.
येत्या रविवारी तिचाच आहे.
मोबाइलवर चित्र दाखवत म्हणाली,
"आत्ती, आत थर्माकोल घाल की. हलका पायजे.
फोटोत सासूबाईंचा हात थरथरायला नको."
मी म्हटलं, बरं.

माझ्या पुड्यात सव्वा किलो होती.
कारखान्याची, जाड दाण्याची,
त्यांना शेअरवर मिळालेली.
माझ्या बोटाचं माप दोऱ्यानं नेलं होतं त्यांनी,
आणि गुजरीत जाताना दोराच घरी विसरले.
अंगठी अंदाजानं घेतली. सैल झाली.
सगळे हसले. "लग्नापतूर भरंल बोट,"
त्याची आजी म्हणाली.
ओटी भरली. पाचजणींनी कुंकू लावलं.
पुडा माझ्या हातात आला तेव्हा
दारापासून पाटापर्यंत
एक बारीक पांढरी रेघ सांडत आली होती.
कुणाला दिसली नाही.
मुंग्यांना दिसली.

तेराव्या आठवड्यात मध्यस्थ आला.
एकटा. चप्पल न काढता, उंबऱ्याबाहेर.
त्यानं कारण एक सांगितलं,
गल्लीनं अकरा लावली.
दिल्याघेतल्याची यादी झाली पुन्हा,
पहिल्याच यादीच्या मागच्या कोऱ्या बाजूला,
कागदाच्या चारी कोपऱ्यांना कुंकू तसंच.
साडी गेली.
अंगठी गेली, निघताना बोटाला कळलंही नाही.
मुलाचं सफारीचं कापड परत आलं, बिनशिवलेलं.
"आणि साखर?" चुलत्यानं विचारलं.
साखर चाळीस घरांत वाटून झाली होती.
कुणाच्या तोंडातून काय मागायचं?

उरली होती अर्धा डबा. आईनं टाकली नाही.
"तिचा काय दोष?" म्हणाली,
आणि दिवाळीपर्यंत त्याच साखरेचा चहा.
वडील तेवढे गुळाचा प्यायला लागले,
बशीत ओतून, भिंतीकडं बघत.
गुळाच्या गावात कुणाला त्यात
वावगं वाटलं नाही.
मी दोन चमचे घ्यायची.
अजून घेते.

रात्री नंदूचा पुडा जोडला.
मोरपंखी, काठाला नारिंगी.
भाऊ वर येऊन बसला होता थोडा वेळ.
म्हणाला, "मुलगा बरा वाटतोय."
मी म्हटलं, "दोरा नेलाय का त्यांनी?"
तो माझ्याकडं बघत राहिला,
मग म्हणाला, "नंदू स्वतःच गेली होती गुजरीत.
घालून बघून आली."

तो उतरून गेल्यावर
थर्माकोल पिशवीतच ठेवला.
तराजूत धरून सव्वा किलो ओतली,
वर बोटभर जास्त,
आणि तोंड बांधलं.
उचलून बघितला.
जड आहे.
थरथरला हात तर थरथरू दे.
काहीतरी घेतल्यासारखं दिसेल.

सकाळी उठल्या उठल्या
पुड्याखालच्या फरशीवरून तळहात फिरवला.
कोरडी.
एकच मुंगी होती,
नुसतीच हिंडत होती
चौकशीला आल्यासारखी.