तांब्याचा वायसर

मिनिटाला सतरा थेंब.
तीस वर्षं रसायनाच्या प्रयोगशाळेत
मुलींच्या ब्युरेटींशेजारी उभी राहिले,
मोज म्हणून माझ्या डोळ्यांना सांगावं लागत नाही.

गाडी एक्क्याण्णवची, डिझेल अँबॅसिडर,
जिन्सी नाल्याजवळ आमच्या बोळात उभी.
खाली कालचं वर्तमानपत्र.
डाग आधी रुपयाएवढा, मग भाकरीएवढा,
शनिवारी अख्खं संपादकीय बुडालं.

हरगोविंद कुशवाह आला, पाना लावला,
"कस दिया है दीदी, अब नहीं टपकेगी."
दोन दिवस नाही टपकली.
मग त्याचा पोरगा आला, त्यानं आणखी आवळलं.
शेजारच्या महाडिकांनी सांध्यावर कपड्यांचा साबण चोळला,
त्यांचे जावई झाशीहून आले ते एम-सील घेऊनच.
वन्सं म्हणाल्या, विकून टाक.
म्हणताना पदर नाकाला लावलेला.

सगळ्यांनी आवळलंच.
सैल करून बघावं असं एकालाही वाटलं नाही.
मलाही नाही, खरं सांगायचं तर,
ती चालू व्हायची थांबेपर्यंत.

धुकं असं, की समोरच्यांचं दार दिसावं
आणि घर दिसू नये.
गाडी खोकली, खोकली, बसली.
म्हणजे रात्रभर नुसतं डिझेल बाहेर येत नव्हतं,
त्याच फटीतून हवा आत शिरत होती.
तिला ना वास, ना डाग.

फिल्टरपासून पंपापर्यंत नळी पुसली
जुन्या बनियननं, कोरडी ठक्क.
नातवाचा पावडरचा डबा आणला,
कॅरमबोर्डावर भुरभुरवतात तसा
सांध्यासांध्यावर भुरभुरवला.
हातपंप मारून मारून खांदा भरून आला
तेव्हा कुठं इंजिन धरलं.
सुनेला म्हटलं, पाय काढू नकोस,
आणि टॉर्च घेऊन बॉनेटखाली वाकले.

दोन मिनिटं सगळं पांढरं.
मग वर, फिल्टरच्या डोक्याशी,
बोल्टच्या गळ्याभोवती
मिसरूड फुटावं तशी पावडर काळवंडली.
तिथून एक बारीक वाट
नळीच्या पोटाखालून सरकत
वीतभर लांबच्या वळणाशी आली,
थेंब झाली, पडली.
त्याच वळणाशी आम्ही सगळे
तीन आठवडे पाने घेऊन उभे होतो.

बोल्ट काढला. दोन वायसर, तांब्याचे.
एक बरा.
दुसरा आवळून आवळून निबर, चपटा,
कडेला केसाएवढी चर.

त्यात संक्रांत. नई सडकेवर एक दुकान उघडं नाही.
काचेवर पॉलिशपेपर टाकला, चर घासून काढली.
सुनेनं गॅसवर तीळ भाजायला ठेवले होते,
कढई उतरवली, चिमट्यातला वायसर ज्योतीत धरला
लालबुंद होईतो,
आणि वाटीतल्या पाण्यात सोडला.
चुर्र.

पोलाद असतं तर कडक झालं असतं.
तांबं मऊ होतं.
दरवर्षी वर्गात सांगायचे,
दरवर्षी कुणीतरी विचारायचीच, असं का हो बाई?
उत्तर मला पाठ होतं.
आज अंगठ्यानं दाबून पाहिलं.

बोल्ट बसवला. बसला, असं हाताला कळलं तिथं थांबले.
पाना अजून पाव फेरा मागत होता.
नाही दिला.
हातपंप मारला: फेस, फेस, एक बुडबुडा,
आणखी एक उशिरा आलेला,
मग सलग पिवळी धार.
तीळ थोडे करपलेच शेवटी.

आता मुरारला जाताना
पडावच्या पुलाचा चढ लागला, इंजिन तापलं,
की गाडीभर न्हाऊ घातलेल्या बाळाचा वास येतो.
वन्सं मागं बसतात. सवयीनं पदर नाकाशी नेतात,
मग सोडून देतात.