फेब्रुवारीअखेर

मुंबईला जायचे ते लाल रुमाल,
इथं राहायचे पांढरे,
उरलेला ढीग बंबाला.

आवटे अण्णा, हे वळिवड्याचं कुठं घालू?
पोरगी. वय सात. यानिना.
माझ्याच हातची मोडी, नाव तीनदा खोडलेलं,
जीभ वळत नव्हती तेव्हा.
आली : कराचीहून, बोटीनं.
गेली : कोरं.
शेऱ्यात कुणीतरी लिहिलंय, गूळ मागते.
'प्रजा कुठली' पुढं नुसती रेघ.

अण्णा चष्मा पुसत म्हणाले,
एक तारखेपास्नं आपल्यापुढं तरी काय लिहायचं?
आणि बारनिशीवर शिक्का मारला
करवीरचा, जुनाच.
नवा अजून आला नव्हता.

कागद मी तिन्ही ढिगांवर धरून बघितला.
मग सुतळी संपली म्हणून
उठलो.