तरतूद

संस्कृती व दळणवळण. लेखाशीर्ष चारशे सतरा. रक्कम: शून्य.
ब्वेनोस आयरेसमध्ये कुणीतरी आकडा पुसला
आणि जेवायला गेला.

इथे पातागोनियात वारा पत्र्याला झोंबतोय.
नेलिदा कुरिकेओ माइकपुढे चष्मा पुसते,
वहीतून वाचते:

"काळ्या खडकापलीकडच्या आन्सेल्मोला निरोप.
आई दवाखान्यातून सुटली. गुरुवारी
नदीच्या उताराशी घोडा घेऊन ये. दोन आण,
पोरगीही आलीय."

वीस वर्षं हेच. कुणाचं बाळंतपण, कुणाची चुकलेली मेंढरं,
एकदा नुसतंच: "रागावू नकोस."

मंत्रालयाच्या पत्रात शब्द आहे 'अनुत्पादक'.
तो तिने माइकवर घेतला नाही.
डिझेल शनिवारपर्यंत पुरेल.

गुरुवारी उताराशी दोन घोडे.
एकावर खोगीर नाही,
घडी घातलेली घोंगडी आहे.