डाव्या हाताची तीनचाकी

सिंदेवाहीच्या शिबिरातून ती आली
मेटॅडोरमध्ये, धानाच्या पोत्यांवर आडवी पडून.
निळी, कोरी,
सीटवरचं प्लास्टिक तसंच,
पाठीवर देणाऱ्यांची सात नावं.
बसणारीचं नाव कुठंच नव्हतं.

सायत्रा मेश्राम, वय एकेचाळीस.
कागदावर ऐंशी टक्के.
उरलेल्या वीस टक्क्यांत ती
रोज दोनशे पत्रावळी टाचते,
भावाच्या पोरींकडून पाढे म्हणून घेते
आणि उधारीवरून मला शिव्या घालते.

शिबिरात तिची उंची मोजली म्हणे,
वजन लिहिलं, अंगठा घेतला,
हारासकट फोटो काढला.
रस्ता कोणी मोजला नाही.
तिच्या दारापासून चावडीपर्यंत एक नाली, तीन उतार
आणि बंड्यांनी पाडलेली चाकोरी.
चाकोरी दोन चाकांची असते.
तिसऱ्यानं कुठून जायचं
हे आमच्या गावात ठरलेलंच नव्हतं.

हातसुद्धा कोणी पाहिला नाही.
फिरवायचा दांडा उजवीकडे,
आणि सायत्राचा उजवा हात
चौथ्या वर्षीच्या तापात पायांसोबतच गेलेला.
अख्खा नाही, अर्धा.
ताट धरतो, जोर धरत नाही.
"का गा," ती म्हणाली,
"हे मले देल्ली का शेजारनीले?"

मी सायकलवाला.
माणसं माझ्याकडे दुरुस्त होत नाहीत,
पण लोखंड माझं ऐकतं.
चेन राहू दिली जिथली तिथं.
अॅक्सल चार बोटं लांब करून आणला ब्रह्मपुरीहून,
वेल्डिंगवाल्याशी भांडून पन्नास कमी केले,
दांडा डावीकडे घेतला.
उजव्या हाताला ठेवलं फक्त वळवणं.
वळवायला ताटाइतकाच जोर लागतो.
पुढचं चाक दोनदा चुकलं.
तिसऱ्या दिवशी, दिवे लागायच्या वेळी,
ती माझ्या दुकानापासून पिठाच्या गिरणीपर्यंत गेली
आणि परत आली.
ओटा भरून माणसं बसली होती, एकही बोललं नाही.

"घंटी कुठं आहे?"
कंपनी देत नाही, मी म्हटलं.
"मंग तू दे.
जल्मभर लोकायनं मले उचललं
अन् उचलल्यावर इचारलं,
सायत्रे, कुठं ठेवू?
आता मी म्हनन, बाजूले व्हा."

डब्यात एक होती, पितळी,
जुन्या डाकवाल्याच्या सायकलीची.
चिंच लावून घासली. पैसे लावले नाहीत.
(लावले असते तर दिले नसतेच तिनं.)

मंडई आली. रात्री नाटक.
गावातलं प्रत्येक नाटक सायत्रानं ऐकलंय,
अंगणात बाजेवर, भोंग्यातून, पहाटेपर्यंत.
राजाचं भाषण तिला पाठ आहे,
राजा तिनं कधी पाहिलेला नाही.
त्या रात्री फाटकावरचा पोरगा म्हणाला,
गाडी बाहेर ठेवा, मावशी,
आम्ही उचलून नेतो.
ती काही बोलली नाही.
घंटी वाजवत राहिली
रांग पूर्ण वळून पाहीपर्यंत.
मग कोणीतरी कनातीची एक दोरी सोडली.
मी तेवढंच पाहून घरी आलो, पाठ दुखत होती.

साडेचारला माझ्या दाराशी घंटी.
धडपडत उठलो. चेन उतरली का?
"नाई गा.
तो राजा," ती म्हणाली, आणि हसूच आवरेना तिला,
"बुटका हाये.
टोप पडला त टकला निंगाला.
अन् पायात रबरी चपला!"
बारा वर्षं, म्हणाली, बारा वर्षं
मी त्याले केवढा उंच केला होता.

मग गेली.
थंडी होती, गल्लीत कुत्रंही नव्हतं.
विहिरीच्या वळणापर्यंत
ती घंटी वाजवतच होती.