होडीची गाठ

कॅमेऱ्याला समोरून जे दिसतं
ते माझं काम नाही.
माझं काम पाठीमागचं:
चिमटे, दोऱ्या, अस्तराला घातलेले टाके,
कंबरेच्या खळग्यात दडपलेले टॉवेल.
हागी गावात, मातीच्या लांब भिंतींपाशी,
जिथे उन्हाळी संत्री रस्त्यात डोकावतात,
एकतीस वर्षं मी भाड्याचे किमोनो नेसवते आहे.
नवऱ्या मुलींना, पर्यटकांना,
एकदा तर एका कुत्र्याला.

आज याएको आणि तोकुजी.
नातीने परस्पर पैसे भरलेत,
पन्नास वर्षं झाली, एक तरी धड फोटो हवा म्हणून.
यांची पहिली गाठ पडली माकुळाच्या लिलावात.
लग्न म्हणजे पालिकेच्या कचेरीत
एका अर्जावर दोन शिक्के.
बाहेर तुफान, होड्या बंदरात बांधलेल्या,
म्हणून तर त्याला सुट्टी होती.

तिला नेसवायला घेतलं.
डावी बाजू वर, उजवी आत.
उलटं फक्त मेलेल्यांना.
हे तिला सांगावं लागलं नाही.
सासूला मीच नेसवलं होतं, म्हणाली,
आणि झडतीला उभं राहावं
तशी हात पसरून उभी राहिली.
कंबर उरलेलीच नाही. तीन टॉवेल लागले.
एकावर बंद पडलेल्या तांदळाच्या दुकानाचं नाव.
"अगबाई, हे दुकान!
उधारी राहिलीय माझी तिथे."

बाहेर तोकुजी, हाकामाच्या चुण्यांत,
पाय फाकवून उभा,
जमीन कधीही कलेल अशा सवयीने.
र्योसेई, आमचा फोटोग्राफर, वय चोवीस:
आजोबा, आजींकडे बघा ना.
तो तिच्या केसांतल्या फुलाकडे बघतो.
डोळ्यांत बघा, डोळ्यांत.
तो संत्र्यांकडे बघतो.
बरं, हात तरी धरा.
तो बाहीचं टोक धरतो, दोन बोटांनी,
मासळीचा कल्ला उचलून पाहावा तसं.

आणि मग त्याची नजर अडकली
तिच्या ओबीवरच्या दोरीत, माझ्या गाठीत.
"ही कुणी बांधली?"
मी.
"सुटेल."

एकतीस वर्षांत मला असं कुणी म्हणालं नव्हतं.
तो वाकला.
जाड बोटं, अंगठ्यावर गळाचा जुना व्रण.
एक वळसा, खालून दुसरा,
थुंकी लावायला निघाला होता, रेशीम पाहून थांबला.
ओढ.
र्योसेई काही बोलला नाही,
सकाळपासून पहिल्यांदाच शहाण्यासारखा वागला.
क्लिक. क्लिक.
खाली बघणारा तो, त्याच्या टाळूकडे बघणारी ती,
ओठ आवळलेले,
हसू कुठे ठेवावं ते न कळून.

उतरवताना ती गाठ मला सुटेना.
नखं लावून पाहिली, सुईचं टोक घातलं.
कात्री आणू? तर याएको रागावली:
"दोरी भाड्याची आहे."
शेवटी त्याला हाक मारली.
बायकांची खोली, म्हणून
भिंतीकडे तोंड करून आला, मागे मागे सरकत,
होडी धक्क्याला लावतात तसा.
ती अजून पुरती नेसलेलीच होती, तरीही.
एक हात मागे आला, चाचपला,
एक टोक ओढलं.
सुटली.

"सुटायची तर एका हाताने सुटावी,"
त्याने भिंतीला सांगितलं,
"दुसरा होडीला लागतो."

ते गेल्यावर मी चिमटे मोजले.
बारा लावले होते, अकरा भरले.
संध्याकाळी फोन केला.
बारावा निघाला याएकोच्या पिशवीत,
तांदळाच्या दुकानाच्या टॉवेलात गुंडाळलेला.
ती ओशाळली. दोन्ही उद्या आणून देते, म्हणाली.
मी म्हटलं,
चिमटा तेवढा आणा.