दोर

टेंपोत शेवटी चढलं शिलाईचं मशीन.
हिवाळे पाळक म्हणाले, प्रार्थना करूया,
आणि त्यांनाच शब्द सुचेनात.
अकरा वर्षं खानापुरात दर रविवारी
घड्याळ न बघता बोलणारा माणूस.

सुलभावहिनींनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या:
दवाखान्याची, विहिरीच्या पंपाची,
आणि एक, जी कशाची
ते कुणालाच आठवेना.

धाकटी रिबेका कुंपणापाशी
यल्लव्वाच्या नातीला कानडीत काहीतरी बजावत होती,
बहुतेक कोंबडीबद्दल.
आम्ही मोठ्यांनी गीत धरलं,
अर्धं मराठी, अर्धं कानडी,
सूर कुठेच नाही.

टेंपो लोंढ्याच्या रस्त्याला लागला.

संध्याकाळची घंटा आता माझ्याकडे.
दोर त्यांच्या उंचीला बांधलेला.
मी टाचा उचलल्या.