स्वच्छ हवेचा दिवस

ऑरेगॉनच्या किनाऱ्यावर लख्ख ऊन.
तीन दिवस उत्तरेचा वारा,
सुट्टीवर आलेली माणसं
चपला हातात धरून वाळूत चालतायत.
डार्ला नीमेला शेडची खिडकी लावून घेते.
तिच्याकडे चांगली हवा म्हणजे वाईट बातमी:
हा वारा वरचं पाणी लोटतो बाहेर
आणि तळचं, गार, काळोखातलं
वर येतं. पाइपातून थेट टाकीत.

टाकीत सोळा तासांची कालवं.
कालवं आपली म्हणायची,
चिमटीत लाख मावतील.
अंड्यातून आणलेली दोन दिवसांची शिदोरी
आणि एकच काम.
घर पाहावं बांधून, म्हणतात;
इथे न बांधता पाहायची सोय नाही.

सूक्ष्मदर्शकाखाली काल
अर्ध्या चंद्राच्या गुळगुळीत कडा.
आज बिजागरीशी खाच,
कडा उंदराने कुरतडल्यासारख्या.
चुना जमवता जमवताच
शिदोरी संपलेली.
(समुद्राला आपण चुना लावला म्हणावं,
तर नेमका चुनाच कमी पडतोय.)

ती पोत्यातून सोडा मोजते,
तोच, धुण्याचा,
आणि पित्त उसळलेल्या माणसाला पाजावा
तसा टाकीला पाजते.
आकडा हळूहळू वर सरकतो.
भिंतीपलीकडे अख्खा पॅसिफिक.
तिथे ती इवली समुद्रफुलपाखरं,
काचेहून पातळ शंख पाठीवर,
सामन माशांच्या तोंडचा घास;
त्यांना कोण पाजणार, कुठल्या पोत्यातून?

विद्यापीठातली एक पोरगी म्हणाली होती,
हे पाणी बुडालं ते चाळीसेक वर्षांपूर्वी,
तेव्हाची हवा पोटात घेऊन.
डार्लाने बोटांवर हिशेब केला होता.
म्हणजे बापाचा ओंडक्यांचा ट्रक.
म्हणजे घाटात दुसऱ्या गिअरवर
काळा धूर, आणि शेजारच्या सीटवर
सात वर्षांची ती, खिडकीबाहेर हात काढून
धूर पकडू बघणारी.
विरला, असं वाटलं होतं.
तो रांगेत उभा होता.

मेलेली टाकी ती गटारात सोडते.
पांढरट पाणी, आवाज नाही.
वहीत तारीख, आकडा,
शेऱ्याच्या रकान्यात: हवा छान.
हातमोजे खिळ्याला अडकवून बाहेर येते,
उन्हात डोळे बारीक करते.

घर बारा मैल.
ती पिकअपची किल्ली फिरवते.
एकदा खोकून
इंजिन सुरू होतं.